पंचनामा होईपर्यंत हलवू नये

४ सप्टेंबर

दादा अपघाताआधी नेमकं काय काम करत होता? आज वकीलसाहेबांनी हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन विचार केला, तरी येत नाही.

बंडोपंत वकिलांचं ऑफिस वर्ध्याला कोर्टाजवळ आहे. मोटार अपघाताच्या दाव्यात माणूस काय कमवत होता ते आधी सांगावं लागतं. मी म्हटलं, "साहेब, तो ट्रॅक्टर चालवायचा. मोटारपंप दुरुस्त करायचा. मोहाच्या दिवसांत फुलं वेचायला जंगलात जायचा. लग्नाचे मंडप टाकायचा. विहिरीत काही पडलं तर उतरून काढायचा."

"यातलं एक सांगा."

"एक नाही सांगता येत."

"बाई, अपघात एकाच माणसाला झाला ना?" असं म्हणून त्यांनी 'शेतमजूर' लिहिलं.

आजपासून दैनंदिनी लिहायचं ठरवलं आहे. गरीब माणूस न्यायासाठी कसा लढतो, याची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे. मी आमच्या घरातली पहिली बी.ए. आहे, राज्यशास्त्र घेऊन. हे काम मी नाही करणार तर कोण करेल?

मागच्या फाल्गुनात दादा सेलूहून मोटारसायकलने गावी येत होता. एका ट्रकने मागून धडक दिली. ट्रकवाला पळाला नाही, त्यानेच दवाखान्यात नेलं, म्हणून ट्रकचा नंबर आणि विमा कंपनी दोन्ही कळले. दादाच्या पाठीचा मणका मोडला आणि आतला मज्जारज्जू दबला. कमरेखाली त्याला काही कळत नाही, काही हलवता येत नाही. हात आणि तोंड शाबूत आहेत. तोंड जरा जास्तच.

९ सप्टेंबर

संध्याकाळी प्रेमदासभाऊ आले. ते आमच्या गावचे माजी उपसरपंच. भरपाई या विषयावर गावात त्यांचा शब्द शेवटचा असतो, कारण ती मिळवलेले ते एकटेच आहेत. त्यांची म्हैस जंगलाच्या काठाला वाघाने मारली होती. वनखात्याचे लोक येऊन पंचनामा करेपर्यंत भाऊंनी ती जागची हलू दिली नाही. शेजारच्या गावात एकाने वास येतो म्हणून मेलेला बैल ओढून नाल्यात टाकला, त्याला काहीच मिळालं नाही. आमच्या गावाला कायदा माहीत आहे तो एवढा.

"हे पाह्य चंचल," भाऊ खाटेशेजारी उकिडवे बसून म्हणाले, "सरकार असो का कंपनी, त्यायले माल जाग्यावर पाह्यजे. हलवला का गेला."

"भाऊ, इथे पंचनामा नसतो. न्यायाधिकरण असतं."

"पंचनाम्याचाच मोठा भाऊ असन तो. नाव बदललं म्हून काय झालं?"

दादा खाटेवरून म्हणाला, "भाऊ, तुमची म्हैस किती दिवसांनी उचलली?"

"तिसऱ्या दिवशी."

"मंग माहा नंबर कवा हाय?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. भाऊंचा दाखला अशास्त्रीय आहे हे मला कळतं. पण बंडोपंत साहेबही परवा म्हणाले होते, "जितका वाईट दिसेल तितकं चांगलं." एक शिकलेला आणि एक अनुभवी, दोघे वेगवेगळ्या वाटांनी एकाच निष्कर्षाला येत असतील, तर त्यात तथ्य असणारच.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या अस्मिता मॅडमनी दादाला एक चाकाची खुर्ची मिळवून दिली आहे. गेला महिनाभर तो तिच्यावर बसून हातपंपापर्यंत जायचा आणि बायकांच्या घागरी भरून द्यायचा. हे बंद केलं पाहिजे. कंपनीच्या माणसाने पाहिलं तर काय म्हणेल? खुर्ची मागच्या खोलीत ठेवून वर खताची रिकामी पोती टाकली.

१८ सप्टेंबर

पहिली तारीख. सकाळच्या बसने गेले. पवनारचा पूल आला, नदीकाठचा आश्रम दिसला की मला नेहमी काहीतरी उदात्त वाटतं. आजही वाटलं.

विमा कंपनीच्या वकिलांनी लेखी जबाब द्यायला मुदत मागितली आणि मिळाली. मी बंडोपंत साहेबांना विचारलं, "आज काही झालं का?"

"झालं ना. तारीख पडली."

"पण साहेब, इतके महिने त्यांना जबाब लिहायला काय झालं होतं?"

"ते मोठ्या कंपनीचे वकील आहेत. त्यांना काम असतं." मग थोडं थांबून म्हणाले, "आपल्याला कुठे काम असतं?"

घरी आले तर कोकिळा बसलेली होती. ती माझी कॉलेजची मैत्रीण, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. सामान्य ज्ञानाच्या नोट्स न्यायला आली होती. बिचारी दुपारपासून वाट बघत दादाच्या खाटेजवळ बसली होती. मी आले तशी उठून गेली. नोट्स न्यायला विसरली.

२ ऑक्टोबर

दादाशी भांडण झालं. तो म्हणाला, "मले अंगणात बसू दे. इथून मले फक्त छपराचे कवेलू दिसते. आता सगळे पाठ झाले."

मी त्याला शांतपणे समजावलं. संविधानाच्या उद्देशिकेत आधी न्याय येतो, मग स्वातंत्र्य. हा क्रम उगाच ठेवलेला नाही. एकदा न्याय मिळाला की अंगणात, गावात, हवं तिथे फिर.

"न्याय भेटेपर्यंत कूस तरी बदलू देशीन का? का त्याचाही अर्ज लागते?"

कूस बदलायला मी कधीच नाही म्हटलेलं नाही. अस्मिता मॅडमनी सांगितलंय, दर दोन तासांनी बदलली पाहिजे. माय आणि बाबा बदलतात. फक्त दार लावून घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

काल एक माणूस पाठीला बॅग अडकवून आमच्या दाराशी आला. मला शंका आली. मी दादाला कण्हायला सांगितलं. तो असा कण्हला की त्या माणसाने बाहेरूनच हात जोडले. तो वीज मीटरचं रीडिंग घ्यायला आला होता. मीटर न बघताच मागचाच आकडा टाकून गेला. दादा अर्धा तास हसत होता. अशा वेळी त्याला गांभीर्य कसं नसतं?

कोकिळा आज पुन्हा आली होती. मी घरी होते, त्यामुळे लगेच गेली.

१६ ऑक्टोबर

आज जे झालं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

प्रेमदासभाऊंचं म्हणणं पडलं की न्यायाधीशांनी दादाला एकदा डोळ्यांनी बघावं. पंचनाम्याला साहेब आले नाहीत तर माल साहेबांकडे न्यावा. मलाही पटलं. न्याय आंधळा असतो, पण न्यायाधीश तर बघू शकतात. पहाटे दादाला खाटेसकट एका पिकअपमध्ये चढवलं. सोबत बाबा, भाऊ आणि गावातली आठदहा माणसं. खुर्ची न्यायची नाही असं ठरलं होतं. दादाने एकदाच म्हटलं, "खुर्चीवर गेलो तं काय बिघडन?" कुणी ऐकलं नाही. म्हणजे मीच ऐकलं नाही.

कोर्टाच्या आवारात खाट उतरवली. शिपाई धावत आला. "कोण गेलं?"

"गेलं कोणी नाई," दादा खाटेवरून म्हणाला. "मी येऊन राह्यलो."

खाट दारातून आत जाईना. आडवी केली, तिरपी केली. भाऊ म्हणाले, दाराची चौकट काढता येईल का. शिपाई म्हणाला, उतरती वाट आहे, चाकाची खुर्ची आणली असती तर सरळ आत गेली असती, आता पुढच्या केसचे लोक अडलेत, बाजूला व्हा. मग खाट झाडाखाली ठेवली. सावली दुपारी सरकली. आम्ही खाट नाही सरकवली, कारण बंडोपंत साहेब म्हणाले, इथे असला की न्यायाधीशांच्या खिडकीतून दिसतो.

पुकारा झाला तेव्हा मी आत गेले. विमा कंपनीचा लेखी जबाब दाखल झाला. पुढची तारीख पडली. न्यायाधीशांनी खिडकीकडे एकदाच बघितलं आणि विचारलं, "बाहेर ही कसली गर्दी आहे?"

बंडोपंत म्हणाले, "अर्जदार आहेत, साहेब. खाटेवर आणलंय."

"आज त्यांना कुणी बोलावलं होतं?"

बंडोपंत कागद चाळू लागले.

"त्यांच्या पायांत शक्ती नाही, याबद्दल वाद आहे का?" त्यांनी कंपनीच्या वकिलांना विचारलं.

"नाही साहेब. वाद फक्त रकमेबद्दल आहे."

"मग त्यांना घरी न्या."

गावी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. दिवसभर इतक्या लोकांत दादाची कूस बदलायची कुणाला आठवण राहिली नाही. त्याला स्वतःला कळत नाही, तिथे जाणीवच नाही. बाबांना आठवलं होतं. दुपारी ते एकदा उठले होते. भाऊंनी त्यांना "थांबा जंगलूभाऊ, साहेब पाहून राह्यले" म्हणून बसवलं.

कंपनीच्या वकिलांनी 'वाद नाही' असं स्वतः कबूल केलं, ही आपल्या लढ्याची पहिली जमेची बाजू.

२५ ऑक्टोबर

दिवाळी दवाखान्यात गेली. दादाला कमरेच्या खाली, माकडहाडावर जखम झाली आहे. ताप चढला, माय चादर बदलायला गेली तेव्हा दिसली. त्याला दुखत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

अस्मिता मॅडम मला व्हरांड्यात घेऊन गेल्या. "दीड महिन्यापूर्वी हा मुलगा स्वतःच्या हातांनी खुर्चीवर बसत होता. आता दंड बघ त्याचे. कुणी झोपवून ठेवलं?"

मी त्यांना केसबद्दल सांगितलं. न्यायाधिकरण, अपंगत्वाची टक्केवारी, वकिलांचं मत, भाऊंचा अनुभव. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हैस मेलेली होती ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्या तशाच वळून आत गेल्या. मला वाटतं त्यांना वॉर्डात घाई होती.

१४ नोव्हेंबर

घरी आलो. जखम भरत आहे, पण पाठीवर झोपायचं नाही, पोटावर झोपायचं. मायने खाट दाराजवळ ओढली. "उताणा होता तं वर पाहत होता, आता पोरगा रस्ता तं पाहीन," म्हणाली. मी ओढू दिली. डॉक्टरांचाच सल्ला आहे.

आता दादा दिवसभर दारातून रस्त्यावरच्या माणसांशी बोलतो. शेळ्या नेणाऱ्या तानाबाईंपासून ग्रामसेवकापर्यंत. कुणाचं लग्न जुळतंय, कुणाचा पंप का जळला, सगळं त्याला माहीत असतं. कालच एकाला खाटेवरून सांगत होता, "कॅपॅसिटर पाह्य आधी, मोटार खोलू नको बे."

संध्याकाळी बाबा आणि दादा गोंडीत बोलत होते. मी आश्रमशाळेत आणि मग होस्टेलवर वाढले, मला अर्धंच कळतं. 'चंचल' कळलं, 'कोर्ट' कळलं, मग दोघे खूप हसले, मग बाबांनी दादाच्या डोक्यावरून हात फिरवला. मी विचारलं, काय म्हणत होतात. बाबा म्हणाले, "काई नाई माय, तू थकतेस लय, असं म्हणत होतो."

बरं वाटलं. कष्टांची जाणीव आहे त्यांना.

१२ डिसेंबर

शेजारच्या गावच्या शंकरपट समितीचे लोक आले होते. बैलजोड्यांच्या शर्यती, इकडे थंडीत गावोगाव होतात. अध्यक्ष गजेंद्रभाऊ दादाच्या खाटेवरच बसले.

"गोपाल, माइक तुह्या हातात पाह्यजे. मांगच्या हप्त्यातल्या पटाले तू नव्हता तं पब्लिक घड्याळाकडं पाहत होतं, बैलाकडं कोणी पाह्यलंच नाई. ज्याले बोलावलं तो नुसते नंबर वाचे. रेशनच्या दुकानात बसल्यासारखं वाटे."

दादा पटावर बोलायचा हे मला माहीत होतं. पण ते काम आहे, त्याचं मानधन मिळतं, तीन तालुक्यांतून बोलावणं येतं, हे आज कळलं. माझ्या परीक्षा नेहमी हिवाळ्यात असायच्या.

मी सभ्यपणे सांगितलं की केस सुरू आहे, त्यामुळे शक्य नाही. गजेंद्रभाऊ म्हणाले, "केस पायाची हाय का तोंडाची?"

मी बंडोपंत साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "मुळीच नाही. आपण दाव्यात लिहिलंय, अर्जदार कुठलंही काम करू शकत नाही. तिथे हजार माणसं मोबाइल घेऊन उभी असतात. एक व्हिडिओ कंपनीच्या हाती गेला की संपलं."

मी फोन ठेवून दादाला सांगितलं.  तो बाबांकडे बघून गोंडीत दोन शब्द बोलला. बाबांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते मला कळलं नाही.

२३ डिसेंबर

वर्ध्याला पुराव्याच्या शपथपत्राचं टंकलेखन होतं. परतीची बस फाट्यावर थांबली आणि उतरण्याआधीच लाउडस्पीकर ऐकू आला.

"...अन् आली आली, सिंदीची जोडी आली! डाव्या अंगाचा बैल पाहा, कसा पाहून राह्यला, जसा जावई पहिल्यांदा सासरी आला! अरे मांगं सरका बे पोट्टेहो, बैलाले बिरेक नसते!"

दादाचा आवाज होता. मी घरी न जाता शेतातून सरळ पटाकडे गेले.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मंडप, त्यात चाकाची खुर्ची आणि खुर्चीत दादा. खाली जाड गादी. एका हातात माइक. दोन जोड्यांच्या मध्ये तो माइक मांडीवर ठेवायचा आणि दोन्ही हातांनी स्वतःला खुर्चीतून उचलून धरायचा, पुन्हा जखम होऊ नये म्हणून अस्मिता मॅडमनी शिकवलंय तसं. शेजारी बाबा पाण्याची बाटली घेऊन बसलेले. मागे खुर्चीचे हँडल धरून कोकिळा उभी होती. मला बघून ती इतकी दचकली की मला तिची काळजी वाटली. परीक्षा तोंडावर आलीय आणि ही पटात.

जोडी सुटली की हजार माणसं त्याच्या आवाजाबरोबर श्वास धरत होती. मी गर्दीच्या मागे उभी होते. भाषणं मीही केली आहेत कॉलेजात, बक्षिसंही मिळाली. इतकी शांतता मला कधी मिळाली नाही.

मग त्याने मला बघितलं.

"एक सूचना! उजव्या बाजूले निळ्या ओढणीत माही बहीण उभी हाय. तिले रस्ता द्या. बीए हाय, नाई दिला तं पटावर स्टे आणीन!"

सगळा पट हसला. लोकांनी खरंच वाट करून दिली. मी त्या वाटेने ट्रॉलीपर्यंत न जाता उलटी घरी आले.

माय चुलीपाशी होती. तिला सगळं आधीच माहीत होतं. मागच्या खोलीत खताची पोती नीट घडी घालून ठेवलेली होती.

२४ डिसेंबर

भांडण. सगळं लिहीत नाही.

मी म्हटलं, तुझ्यासाठी मी पुण्याच्या क्लासला गेले नाही, बसचे धक्के खाल्ले, शपथपत्रं वाचली. एका दिवसाच्या टाळ्यांसाठी तू सगळं घालवलंस. तुला न्याय नको आहे का?

तो म्हणाला, "पाह्यजे न. काऊन नाई पाह्यजे? पाय माहे गेले. पण प्रेमदासची म्हैस मेल्यावर जाग्यावर ठेवलती, चंचल. मी जित्ता हावो."

माय म्हणाली, जेवा आता. कुणी जेवलं नाही. प्रेमदासभाऊ चौकशीला आले होते, ते जेवले.

९ जानेवारी

दोन आठवडे लिहिलं नाही.

आज बंडोपंत साहेबांकडे गेले आणि दादाचा पटातला व्हिडिओ मोबाइलवर पसरल्याचं स्वतःच सांगितलं. त्यांनी तो आधीच पाहिला होता. "आवाज चांगला आहे हो," म्हणाले. मग डोक्याला हात लावला.

मी सरळ विचारलं, आता भरपाई कमी होईल का.

"होऊ शकते. नाही पण होणार. तो आधी ज्या कामांवर जगत होता, त्यातली बहुतेक कामं पायांची होती. ती गेलीच. मी ते मांडीन. कंपनी म्हणेल, बोलून कमावतो. साहेब ठरवतील."

"तुम्ही आधी म्हणालात, जितका वाईट दिसेल तितकं चांगलं."

"ते मी सगळ्यांनाच म्हणतो."

परतताना बसमध्ये हिशोब केला, पैशांचा नाही. माय-बाबा म्हातारे होतील. दादाला गाद्या लागतील, औषधं लागतील, लघवीच्या नळ्या लागतील, पुन्हा जखम झाली तर दवाखाना लागेल. हिवाळ्यातले थोडे पट संपले की बाकी वर्ष आहे. ही भरपाई दान नाही, त्याची पुढची चाळीस वर्षं आहेत. ती मी धोक्यात घालावी का? आणि ती वाचवण्यासाठी, केस चालेल ती पुढची चार वर्षं त्याला कवेलू बघायला लावावं का? मला ठरवता येत नव्हतं. मग लक्षात आलं की मला कुणी ठरवायला सांगितलेलंच नाही.

पुढची तारीख १९ जानेवारी, दादाच्या साक्षीची. घरी येऊन सांगितलं. तो म्हणाला, "एकोणीसले जमत नाई. त्या दिवशी मोठ्या पटाचा फायनल हाय. शब्द देलता."

"दादा, साक्ष आहे. कोर्ट आहे."

"त्यायच्या वकिलाले काम असते तवा ते तारीख घेते न? तूच सांगत होती."

१९ जानेवारी

आज सकाळी एकटी वर्ध्याला गेले. बंडोपंत साहेबांनी मुदतीचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. "कारण लिहा, प्रकृती अस्वास्थ्य. सगळे तेच लिहितात. कुणी विचारत नाही."

दादाची प्रकृती अपघातानंतर आजच सगळ्यात चांगली आहे. जखम पूर्ण भरली आहे. पहाटे तो खाटेवरून खुर्चीवर एकटा सरकला आणि कोकिळाने आणलेलं जाकीट घालून निघाला. मी कारण लिहिलं: 'अर्जदार आज शंकरपटात निवेदनाच्या कामावर असल्यामुळे हजर राहू शकत नाहीत.' सही दादाने रात्रीच करून ठेवली होती.

साहेबांनी वाचलं. "हे मी देणार नाही."

"मग वकील म्हणून नुसते शेजारी उभे राहा. मी देते."

ते उभे राहिले. कंपनीच्या वकिलांनी प्रत वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाले, "आमची हरकत नाही." ते हसत होते. का हसत होते हे मला चांगलं कळलं: अर्जदार कमावतो, हे आम्हीच लिहून दिलं होतं.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "अर्जदार कामावर आहेत?"

"हो, साहेब."

"हे तेच ना, झाडाखाली खाटेवर आणले होते?"

"हो, साहेब."

"काय काम करतात?"

"बैलांच्या शर्यतीत माइकवर बोलतात."

"बसून?"

"बसून, साहेब. उभं राहता येत नाही."

 त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही. मग त्यांनी लिहिलं आणि पुढची तारीख दिली. आमच्या केसमध्ये आम्ही मागून घेतलेली ही पहिली तारीख.

बाहेर आल्यावर बंडोपंत साहेब म्हणाले, "चंचल, अजून वेळ आहे. चूक झाली असं सांगून अर्ज बदलून घेता येईल. मी बोलतो आत."

मी म्हटलं, "नको साहेब, राहू द्या तसाच. मला बस पकडायची आहे, फायनल दोन वाजता सुटते."